ताकदीची चौकट शेवटी भरा

नव्या खेळाडूच्या हातात कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, दिली की त्याची पेन्सिल थेट 'पॉवर्स' लिहिलेल्या चौकटीवर जाते. नाव नंतर, राहणार कुठे ते नंतर, घरी कोण कोण आहे हे तर कुणी विचारलं तरच. पाच मिनिटांत कागदावर उडणं, अदृश्य होणं, डोळ्यांतून लेझर आणि जखमा आपोआप भरून येणं एवढी यादी तयार होते. मग तो मान वर करून विचारतो, "आता पुढे?" पुढे काही नसतं. ज्याला सगळं जमतं त्याला खेळात करण्यासारखं फारसं उरत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या तिघांना तर काहीच उरत नाही. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्या पहिल्या पाच मिनिटांसाठी आहे.

सुपरहिरोंचा हा रोल-प्लेइंग खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जीएम, म्हणजे गेम मास्टर. तो जग सांभाळतो: रस्ते, हवामान, खलनायक, पोलिस, सोसायटीचा वॉचमन, सगळं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय बोलतं, काय करतं ते सांगत जातात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. आमच्या खेळात तो बहुधा वीस पैलूंचा असतो. पडलेल्या आकड्यात आपलं कौशल्य मिळवायचं, आणि जीएमनं मनात धरलेला आकडा गाठला तर काम फत्ते. पाठ केलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत, आणि कोण जिंकलं हा प्रश्नही नाही. रविवारी दुपारी चार तास बसायचं आणि पुढच्या रविवारी गोष्ट तिथूनच उचलायची.

अशा खेळांची रीतसर सुरुवात १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं केली. तिथले नायक तलवारी आणि जादूवाले. मुखवटेवाले नायक काही वर्षांनी आले. १९७९च्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'ची कल्पना मला आजही सगळ्यांत धाडसी वाटते: खेळाडूनं स्वतःलाच सुपरहिरो करायचं. आपलं वय, आपली उंची, आपलं डोकं, आणि त्यावर फाशानं दिलेल्या शक्ती. १९८१ साली 'चॅम्पियन्स' आला आणि त्यानं फाशाऐवजी पॉइंट दिले. ठरावीक पॉइंटांत शक्ती विकत घ्यायच्या. पॉइंट कमी पडले तर स्वतःच्या मागे लचांड लावून घ्यायचं. कुणीतरी सतत मागावर आहे? घ्या पॉइंट. घरात सांभाळायला एक माणूस आहे? घ्या. शब्द दिला की मोडता येत नाही असा स्वभाव आहे? त्याचेही घ्या. हिरोच्या अडचणींना बाजारभाव असतो, हे या खेळानं पहिल्यांदा उघडपणे मांडलं. आम्ही बरीच वर्षं वापरत आलो तो 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' २००२चा. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत नेहमीच्या हिरोला १५० पॉइंट मिळतात, आणि पात्राची अडचण प्रत्यक्ष खेळात आडवी आली की जीएम त्या खेळाडूला एक 'हीरो पॉइंट' देतो. पुढे ऐन वेळी तोच जीव वाचवतो.

या टेबलांवरून पुस्तकंही निघाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे नाव आज 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे घरोघरी माहीत आहे. १९८३च्या सुमारास अल्बुकर्कीत लेखक मित्रांचा एक कंपू जमवून ते 'सुपरवर्ल्ड' नावाचा खेळ चालवत. जीएम तेच. लिहायची कामं बाजूला पडतील इतकं वेड लागल्यावर त्यांनी त्याच पात्रांचं जग कथांमध्ये उतरवलं, आणि १९८७पासून 'वाइल्ड कार्ड्स'ची पुस्तकं येऊ लागली. एका लेखकानं घडवलेलं पात्र दुसऱ्यानं आपल्या कथेत वापरायचं, ही त्या मालिकेची रीत खेळाच्या टेबलावरची आहे.

हे सगळं तिकडचं झालं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या पोरांनी सुपरहिरो घडवताना न्यूयॉर्कचा नकाशा का पसरावा, असा प्रश्न आम्हाला पडला आणि तिथून या पुस्तिकेला सुरुवात झाली. आपल्याकडे माल कमी नव्हता. टाइम्सच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४पासून वेताळ, म्हणजे फँटम, घरात आला. १९७६ साली आबिद सुरतींनी त्याच मालिकेत 'बहादूर' आणला. राज कॉमिक्सचा डोगा तर मुंबईचाच: कुत्र्याचा मुखवटा, जिममध्ये कमावलेलं शरीर, बंदुका आणि डोक्यात राग, बस्स. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला, आणि जगाला वाचवणारा माणूस दिवसा वर्तमानपत्राच्या कचेरीत गंगाधर म्हणून वेंधळेपणा करू शकतो हे एका अख्ख्या पिढीला पाठ झालं. २००४ साली तर स्पायडरमॅनच मुंबईकर झाला: पवित्र प्रभाकर, धोतर नेसलेला. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे? त्याच्याकडे सायकल होती, काटक पाय होते आणि एक 'ट्टॉक' होतं. १५० पॉइंटांतले त्यानं वीसही खर्च केले नसते. तरी तो आमच्या टेबलावर कधीही चालला असता, कारण नको तिथे नाक खुपसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. खेळाला असा माणूस लागतो.

दोन हिंदी चित्रपटांकडे मात्र आम्ही अभ्यासाच्या नजरेनं पाहिलं. विक्रमादित्य मोटवानेंचा 'भावेश जोशी सुपरहिरो' २०१८चा. त्यातली मुंबईची पोरं डोक्यावर कागदी पिशव्या चढवून अन्यायाविरुद्ध उभी राहतात आणि पाणी चोरणाऱ्या टोळीशी त्यांची गाठ पडते. जग बुडवायला निघालेल्या खलनायकाऐवजी तिथे पाण्याची पाइपलाइन आहे, आणि उपनगरात वाढलेल्या कुणालाही ती जास्त खरी वाटते. दुसरा वासन बालांचा 'मर्द को दर्द नहीं होता', २०१९ साली आपल्याकडे लागलेला. त्याच्या नायकाला वेदनाच कळत नाही. वाचताना ही शक्ती वाटते, पण चित्रपटात तो आजार आहे. त्या पोराला जिवंत राहायचं तर सतत पाणी पीत राहावं लागतं. शीटवर 'पॉवर' आणि 'अडचण' अशा दोन चौकटी असतात. या पोराच्या दोन्ही चौकटींत एकच ओळ लिहावी लागेल. अशी ओळ सापडली की पात्र निम्मं झालंच.

उपनगराचा नकाशा हा आमचा दुसरा गुरू. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. एकाच जंगलाचे हे दोन शेजारी, पण लोकलनं जायचं तर बहुधा दादरला उतरून लाइन बदलावी लागते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे डोंगराखालून निघतील तेव्हा निघतील. आज बिबट्याला जे अंतर एका रात्रीचं आहे, ते माणसाला फार वळसा घालून कापावं लागतं. उलट ८ जून २०१४ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरी आणि घाटकोपरचे हिरो वीसेक मिनिटांत एकमेकांच्या मदतीला धावू शकतात, गर्दीनं डब्यात शिरू दिलं तर. टीम घडवताना या गोष्टी कामाला येतात. चौघेही उडणारे असले तर नकाशा मेला. चौघांतला एकच उडणारा असेल आणि बाकीच्यांना ९.१२ची फास्ट पकडायची असेल, तर प्रत्येक संकटात आधी एक प्रश्न उभा राहतो: कोण आधी पोचणार, आणि तो एकटा पोचला तर काय?

गुप्त ओळखीचंही तसंच. बॅटमनच्या गॉथममध्ये हवेलीखाली गुहा असते. आपल्याकडे वन बीएचकेत पाच माणसं, बाथरूमबाहेर रांग, आणि सोसायटीच्या गेटावर कॅमेरा. पोशाख धुवायचा कधी आणि वाळत कुठे घालायचा? आमच्या एका खेळात बोरिवलीच्या हिरोचं बिंग कुठल्याही खलनायकानं फोडलं नाही. ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोडलं, दोरीवर लटकलेले हातमोजे पाहून. अख्खा रविवार त्यावर गेला, आणि इतकी धमाल पुढच्या दोन महिन्यांत आली नाही.

आता एक पात्र जवळून पाहू, कारण नियम नुसते वाचून डोक्यात शिरत नाहीत.

मुलुंडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा आमच्यात नव्यानं आला. त्याला हवी होती अफाट ताकद आणि लांबचं ऐकू येणं. ताकदवान पात्र बोरिवलीच्या खेळाडूनं आधीच घेतलं होतं: आरेच्या पाड्यातली मुलगी, वाघोबाच्या देवळाशी नातं सांगणारी, रात्री बिबट्याच्या अंगानं हिंडणारी. एकाच टेबलावर दोन बलदंड असले की दोघांतला एक जण बसून राहतो, म्हणून त्याला फक्त कान उरले. तो जरा हिरमुसला. मग विचारलं, हे कान कुणाचे? बरंच डोकं खाजवून तो म्हणाला, रेल्वेच्या कीमनचे. कीमन म्हणजे चाबीवाला: हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन ठरलेल्या टप्प्यावर रोज रुळांच्या कडेनं चालत जायचं, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, तडा दिसतो का पाहायचं. त्यानं कीमनची मुलगी घेतली. वडील कामावर असताना गेले आणि अनुकंपा तत्त्वावर तिला त्यांच्याच जागी नोकरी मिळाली. नाव ठेवलं चाबीवाली.

तिची शक्ती एकच: रुळावर पाय ठेवला की तो रूळ जिथवर जातो तिथवरचं ऐकू येतं. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा पंधरा पट वेगानं. म्हणजे घाटकोपरला रुळावर पडलेला घाव मुलुंडला जेमतेम अडीच सेकंदांत. हा हिशोब त्यानंच मांडून दाखवला. आता तिच्या मर्यादा पाहा. रुळावरून पाय काढला की ती ठार बहिरी. 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स'मध्ये शक्तीला अशी अट घातली की ती स्वस्त पडते, त्यामुळे त्याचे बरेच पॉइंट वाचले. गाडी जवळ आली की आवाज असह्य होतो, शिवाय बाजूला व्हावंच लागतं. मध्य रेल्वेवर दिवसा दोन गाड्यांमध्ये असा कितीसा वेळ मिळतो? शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंतचे दोन-तीन तास तिचे. आणि रविवार. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक जाहीर झाला की सगळी मुंबई कपाळाला हात लावते. आमच्या टेबलावर मात्र चाबीवालीची चांदी. बंद मार्गावर गाड्या नाहीत, फक्त दुरुस्तीचे घण, आणि त्या घणांच्या मधल्या शांततेत भांडुपच्या पुलाखाली कोण कुजबुजतंय ते तिला कळतं. कळतं, पण तिथे पोचता येत नाही. त्यासाठी बिबट्या लागतो, नाहीतर अंधेरीचा तो डिलिव्हरीवाला, ज्याला लाल सिग्नलभर वेळ थांबवता येतो. ती ऐकणार, दुसरे धावणार. एकटी चाबीवाली घेऊन गोष्ट दहा मिनिटं चालणार नाही, आणि म्हणूनच गटात ती इतकी उपयोगी पडली.

शीटवर एक चौकट त्यानं कोरी ठेवली होती: वडील नेमके कसे गेले. त्याला सुचलं नव्हतं एवढंच. पण तेव्हापासून आम्ही हा नियमच केला, आणि या पुस्तिकेतल्या नियमांत माझा सगळ्यांत लाडका तोच आहे. प्रत्येक पात्राच्या पूर्वकथेतली एक चौकट मालकानं भरायची नाही. ती खेळताना बाकीच्यांनी भरायची. चाबीवालीची चौकट भरायला बरेच रविवार लागले. आधी जीएमनं सुचवलं, की तिच्या टप्प्यावरचा तडा ती नेहमी वेळेआधी कसा सांगते हे तिच्या साहेबाला खटकू लागलंय. मग अंधेरीच्या खेळाडूनं, अगदी सहज, आपल्या पात्राच्या तोंडून सांगून टाकलं की त्याच्या काकाचा मोबाइल लोकलच्या दारातून खाली पडला होता आणि तो शोधायला ते रुळावर उतरले होते. कुणीतरी चाबीवाल्यानं त्यांना ढकलून वाचवलं. टेबलावर एकदम शांतता. त्या मुलानं शीट पुढ्यात ओढली आणि विचारलं, "कुठल्या साली?" आता डिलिव्हरीवाला तिचा साथीदार उरला नव्हता. तो तिचा ऋणी होता, आणि ते त्याला स्वतःलाच दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं. कुणी एकट्यानं घरी बसून हे लिहिलं असतं तर मला ते फिल्मी वाटलं असतं. तिथे नाही वाटलं.

ब्रेंडन कॉनवे यांच्या २०१६च्या 'मास्क्स' या खेळानं असल्या प्रसंगांना नियमांचं बळ दिलं. त्यातले हिरो कोवळ्या वयाचे, आणि त्यांचे गुण ठोकळ्यासारखे पक्के नसतात. 'तू धोकादायक आहेस', 'तू विचित्र आहेस', 'तू तारणहार आहेस' असे पाच शिक्के असतात. ज्याच्या शब्दाला तुमच्या लेखी वजन आहे अशा कुणी तुम्हाला काही म्हटलं की शिक्क्यांचे आकडे वरखाली होतात. पात्र तयार करतानाच आपली टीम पहिल्यांदा कशी एकत्र आली याचा एकेक तुकडा प्रत्येकानं सांगायचा असतो. बारावीच्या निकालाच्या दिवशी नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत उभं राहिलेल्या आपल्या मुलांना शिक्क्यांचा हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळं परदेशी खोक्यांतून आलं असं समजणाऱ्यांना मी दशावतार पाहायला सांगतो. कोकणातली माणसं उपनगरांत आली तसे दशावतारी प्रयोगही इथल्या मैदानांत आणि नाट्यगृहांत आले. त्यात आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. मग आख्यान. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं, भूमिका वाटल्या जातात, आणि तोंडाला रंग लावलेला नट पेटी-मृदंगाच्या साथीनं रंगमंचावर येऊन स्वतःच्या शब्दांत राजा होतो. समोरचा काय बोलेल ते त्याला माहीत नसतं. तरी युद्ध वेळेवर होतं आणि पहाटेपर्यंत गोष्ट शेवटाला जाते. चांगला दशावतारी ओळखायचा तो समोरच्याला बोलायला जागा देण्यावरून. आमच्या टेबलावर नवा माणूस आला की मी त्याच्या फाशाकडे पाहत नाही; दुसऱ्याचा प्रसंग चालू असताना तो मोबाइल काढतो का, ते पाहतो.

एका बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. पहिल्या बैठकीत खेळ नसतो. कुठले विषय टेबलावर आणायचे नाहीत ते आधी ठरवायचं, आणि नंतर कुणालाही न पटणारं काही आलं तर कारण न विचारता ते वगळायचं. त्या यादीच्या डोक्यावर आमच्याकडे कायमची एक ओळ आहे: खऱ्या दुर्घटनांत आपले हिरो घुसवायचे नाहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कुणाचे वडील कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले, कुणाचे आलेच नाहीत. तिथे मुखवटा घालून उडत जाणं मला अश्लील वाटतं. पाऊस घ्या, मिठी नदी घ्या, विहारचा तलाव भरून वाहू द्या. पण पूर तुमचा असू दे, तारीख तुमची असू दे. काही खेळाडूंना हे पटत नाही. त्यांच्या मते अशा वेळी कुणीतरी यायला हवं होतं, याच इच्छेतून तर सुपरहिरो जन्मतो. मुद्दा बिनतोड आहे. तरी आमच्या टेबलावर नियम हाच.

पुस्तिकेची मांडणीही याच क्रमानं आहे. आधी तुमच्या पात्राचा पत्ता: स्टेशन, पूर्व की पश्चिम, कितवा मजला, लिफ्ट आहे का. मग घरची माणसं आणि त्यांतलं कोण रोज रात्री जागं असतं. मग पोटापाण्याचा धंदा, कारण सुट्टी न मागता रात्रभर बाहेर राहता येणाऱ्या नोकऱ्या फार थोड्या. मग शेजारी बसलेल्या दोन खेळाडूंच्या पात्रांशी प्रत्येकी एक देणं. मग ती कोरी चौकट. शक्ती सहाव्या प्रकरणात येतात. घाई असलेले थेट तिथे उडी मारतील, त्याला माझा इलाज नाही. गिल्बर्ट हिलवर एक वेगळं पान आहे. अंधेरीचा तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, दोनशे फुटी काळा खडक, माथ्यावर गावदेवी आणि चहूबाजूंनी इमारती. त्याला जीएमनं खलनायकाचा अड्डा करू नये अशी विनंती आहे. ते आतापर्यंत फार जणांनी करून झालं आहे.

शेवटचं प्रकरण पात्रांच्या निवृत्तीचं आहे, आणि ते इथल्या अनुभवातूनच आलं. अमेरिकन नियमपुस्तकांत हिरो मरतो किंवा अमर होतो. आमच्याकडे खेळाडूला विरारला घर मिळतं, बंगळुरूला नोकरी लागते, मूल होतं. रविवार सुटतो. पात्राचं काय करायचं? पहिली सोय अशी, की ते जीएमच्या ताब्यात द्यायचं, पण त्याला मारायचं नाही आणि त्याला दगा करायला लावायचा नाही. दुसरी सोय, ते नव्या खेळाडूला द्यायचं. मात्र जुन्यानं निदान एक संध्याकाळ फोनवर बसून त्याला सगळं सांगायचं, विशेषतः शीटवर न लिहिलेलं. चाबीवाली आता दुसऱ्याकडे आहे. ही नवी खेळाडू घाटकोपरची, आणि तिनं पहिल्याच रविवारी चाबीवालीला खात्याच्या परीक्षेला बसवलं. पास झाली तर बढती, आणि बढती म्हणजे रुळावरून ऑफिसात, ही अडचण तिच्या लक्षात आली होती. ती म्हणाली, "म्हणून तर बसवलं." फासा अजून टाकलेला नाही.